फुकटचा पहारेकरी

"पाय आवर ना, माझ्या पोटात घुसतायत," दादू कुजबुजला.

"मग पोट आवर," टिटवी म्हणाली.

लिंबू दोघांच्या मध्ये चेंगरून बसली होती. तिला दोघांचे पायही लागत होते आणि कोपरंही, पण मोठ्यांच्या मसलतीत आपल्याला घेतलंय हेच पुष्कळ, म्हणून ती गप्प होती.

मसलत चालली होती एका रिकाम्या खोक्यात. मामाच्या दुकानात कधीतरी एक पियानो ज्या लाकडी खोक्यातून आला होता, ते खोकं मागच्या भिंतीशी पडून होतं, आणि सुट्टी लागल्यापासून ते या तिघांचं मुख्यालय झालं होतं. त्याच्या फटींत डांबर भरून ते कालव्यात सोडायचं, असा दादूचा बेत होता. खोकं बुडेल, असं टिटवीचं मत होतं. लिंबूचं मत कुणी विचारलं नव्हतं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आवाज उंच आणि चोच सदा उघडी, म्हणून मामानंच ते ठेवलं होतं. दर सुट्टीत ती मामाकडे यायची. दादू मामाचा मुलगा, तिच्याहून एका वर्षानं मोठा आणि स्वतःच्या मते दहा वर्षांनी शहाणा. लिंबू त्याची धाकटी बहीण. खेळात तिला लिंबूटिंबू म्हणून घेत, म्हणजे ती बाद झाली तरी बाद धरायची नाही. त्यातलं टिंबू गळालं आणि लिंबू राहिलं.

सध्या मात्र टिटवीच्या मताला वजन होतं. ती आली तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर आजारी होता. चालू केला की पडद्यावर नाचणाऱ्या बाटल्या यायच्या आणि बंद करायला गेलं की आणखी दोन उगवायच्या. टिटवीनं एका बैठकीत एक फुकटचं अँटीव्हायरस शोधून काढलं, टाकलं, आणि बाटल्या गेल्या त्या गेल्याच. कोपऱ्यात एक छोटीशी हिरवी ढाल आली आणि 'तुम्ही आता सुरक्षित आहात' असं लिहून आलं. मामीनं पाठ थोपटली. दादूनं तोंड वाकडं केलं, पण तेसुद्धा कौतुकच होतं.

आणि मामा पियानो लावायचा, म्हणजे उतरलेल्या तारा पुन्हा सुरात आणून द्यायचा. त्याच्या कानाची गावभर ख्याती होती. रस्त्यानं कुणी शीळ घालत गेला तरी मामा मान न उचलता म्हणे, "याचा तिसरा सूर उतरलाय." संगीतशाळेतले सगळे पियानो वार्षिक कार्यक्रमाआधी तोच लावायचा. शाळेच्या बाई त्या कामासाठी दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा काढू देत नसत.

त्या सकाळी त्याच बाई तारीख ठरवायला आल्या होत्या. खोक्याच्या फटीतून मुलांना त्यांचा कप धरलेला हात आणि मामाची पाठ एवढंच दिसत होतं.

"फोन वाजतोय तुमचा," बाई म्हणाल्या.

"हो का? कामात डोकं घातलं की असं होतं," मामा हसून म्हणाला. त्यानं फोन उचलला नाही. नेहमीप्रमाणे कोपरानं बटण दाबलं आणि आवाज मोठा सोडला. हात सरसानं चिकट असतात म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"नमस्कार सर," फोनमधला गोड आवाज दुकानभर पसरला. "आपल्याला ऐकू कमी येतंय ना, त्यासाठी आमच्याकडे नवं यंत्र आलंय. कानात घातलं तरी कुणाला दिसत नाही."

"चुकीचा नंबर आहे," मामा म्हणाला.

"पियानोचंच दुकान ना सर? वरचे स्वर ऐकू न येणं, कानात सतत शीळ वाजणं, याबद्दल आपण चौकशी केली होतीत. लाजायचं काही कारण नाही सर, आपल्या वयाच्या..."

मामा बटण शोधत होता. त्याचं चिकट बोट भलत्याच बटणावर पडलं आणि आवाज आणखी वाढला. शेवटी त्यानं भिंतीतली वायरच उपटली.

बाईंनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे खरं आहे का?"

मामा पाठमोरा होता. तो वायर गुंडाळत राहिला. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, मानही वळवली नाही. बाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांना उत्तर मिळालं आणि त्या पर्स उचलून निघून गेल्या.

खोक्यातल्या तिघांनाही ते उत्तर मिळालं होतं. फक्त दादूला ते घ्यायचं नव्हतं.

"माझे बाबा बहिरे नाहीत," बाहेर गल्लीत आल्यावर तो टिटवीवर खेकसला. जणू काही तीच तसं म्हणाली होती.

टिटवीच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत होती. या सुट्टीत मामानं तिच्यासाठी एक खेळ काढला होता. तो पियानोची शेवटची, सगळ्यांत उजवीकडची पट्टी दाबायचा आणि विचारायचा, "सांग बघू, गोड आहे की आंबट?" ती म्हणायची आंबट. तो चावीनं तार किंचित ताणायचा. "आता?" ती म्हणायची, अजून जरा आंबट. आपला कान तयार करतोय मामा, म्हणून ती खूश होती. तो तिचा कान तयार करत नव्हता, वापरत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. यंदाचे पियानो परगावचा माणूस लावणार होता. मामानं निरोप आणणाऱ्या शिपायाला पाणी विचारलं, दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून राहिला. मामी कामावरून आली, तीही आत गेली.

"कुणीतरी चुगली केली," दादू खोक्यात म्हणाला. आता त्याचं रडून झालं होतं आणि त्याला राग आला होता. "त्या फोनवाल्याला सगळं माहीत होतं. कानातली शीळसुद्धा. ते तर आपल्यालाही माहीत नव्हतं."

"कुणाला माहीत असेल?" टिटवीनं विचारलं.

"कानाच्या डॉक्टरला."

"आणि डॉक्टरकडे कोण काम करतं?" असं लिंबूनं विचारलं आणि दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहायची. कानाच्या दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं काम ती करायची. स्वभावानं गरीब, लिंबूच्या वेण्या घालून देणारी, जिन्यात भेटली की गोळी देणारी. "गोगलगाय अन् पोटात पाय," दादू दात-ओठ खात म्हणाला.

मग पाठलाग झाला. ताई पुढे आणि हे तिघं मागे, फळांच्या गाड्यांआडून, छापखान्याच्या कमानीतून, सायकलींच्या रांगेमागून. लिंबूची चप्पल एकदा निसटली, तेव्हा ताईनं मागे वळून पाहिलं आणि दादूनं एका अनोळखी आजोबांना किती वाजले ते विचारलं. आजोबा घड्याळ काढेपर्यंत ताई दवाखान्याच्या जिन्याशी पोचली होती.

तिथे त्यांनी तिला गाठलं. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण टिटवीला दम धरवला नाही. "किती पैसे मिळाले तुला?" ती एकदम म्हणाली, आणि तिचा तो उंच आवाज जिन्यातून थेट वर गेला. "मामाच्या कानाची गोष्ट यंत्रवाल्यांना विकलीस ना? यंदाचं काम गेलं त्याचं. आणि तू लिंबूला गोळ्या देतेस."

जिन्यात दोन पेशंट होते. ते थांबून बघू लागले. वरून डॉक्टरांनी दारातून डोकं काढलं. ताईचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. तिनं मुलांना हाताला धरून खाली रस्त्यावर आणलं.

"तुमचे बाबा आमच्या दवाखान्यात कधी आलेलेच नाहीत," ती दादूला म्हणाली. "एकदाही नाही. त्यांना काही होतंय हे मला आत्ता तुमच्या तोंडून कळतंय. आणि इथली गोष्ट मी बाहेर नेली असती ना, तर माझी नोकरी एका दिवसात गेली असती. जावीच. आता वर जाऊन डॉक्टरांना काय सांगू?"

ताई जिना चढून गेली. त्या दिवशी तिनं लिंबूकडे वळूनही पाहिलं नाही.

परत येताना कुणी आडोसे धरले नाहीत. सरळ रस्त्याच्या मधून चालत आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आपण केलं, हे टिटवीला कळत होतं, आणि ते जिन्यातले दोन पेशंट घरी जाऊन काय सांगतील हेही कळत होतं.

"मामा डॉक्टरकडे गेलाच नाही," ती म्हणाली. "मामीला बोलला नाही. आपल्याला नाही. मग त्यानं विचारलं कुणाला? फोनवाला म्हणाला, चौकशी केली होतीत."

दादू थांबला. "कॉम्प्युटरला," तो म्हणाला. "दुपारी दुकान बंद करून बसायचे बाबा. मला वाटायचं, पत्ते खेळतायत."

पण कॉम्प्युटर कुणाला सांगेल? तो काय ताई आहे? दादूनं एक युक्ती काढली, आणि खरं सांगायचं तर ती चांगली होती. दुकानातल्या कॉम्प्युटरवर असं काहीतरी शोधायचं, जे या घरात कुणालाच, कधीच लागणार नाही. मामीच्या मोबाइलवर दुसरं काहीतरी तसंच शोधायचं. आणि मग बघायचं, फोन कशाचा येतो.

"मोबाइलवर मधमाश्या पाळायच्या पेट्या," टिटवी म्हणाली.

"आणि कॉम्प्युटरवर पोहण्याचा तलाव," लिंबू म्हणाली.

"अगं, आपल्याला अंगण नाही, गच्ची नाही. तलाव काय बाथरूममध्ये बांधायचा?"

"म्हणूनच," लिंबू म्हणाली.

दुकानात मामा नसताना त्यांनी तलाव शोधले. लांबट तलाव, गोल तलाव, खाली निळ्या फरश्या असलेले तलाव. लिंबूला फारच आवडले. हिरवी ढाल कोपऱ्यात शांतपणे चमकत होती. फोनची वायर दादूनं परत भिंतीत खोचली आणि तिघं खोक्यात जाऊन दबा धरून बसले, त्या दिवशी आणि पुढच्याही दिवशी. कानाच्या यंत्रवाल्यांचे फोन आले, ते दादूनं आवाज न करता ठेवून दिले. मधमाश्यांबद्दल कुणी विचारलं नाही.

आणि मग एका दुपारी एक भारदस्त आवाज म्हणाला, "नमस्कार साहेब. तलाव किती खोल हवाय आपल्याला?"

टिटवीनं लिंबूच्या तोंडावर हात ठेवला. दादूनं घसा खाकरून मामासारखा आवाज काढला. "खोल ना... कमरेपर्यंत. पण आधी मला सांगा, आमचा नंबर कुणी दिला?"

"अहो साहेब, तुम्हीच चौकशी केलीत की. कॉम्प्युटरवरून."

"आमच्याकडे कॉम्प्युटर बरेच आहेत," दादू रुबाबात म्हणाला. "कुठल्यावरून?"

"ते आम्हाला नाही दिसत. आम्ही आपली माहिती विकत घेतो, कोण काय बघतंय याची. नावगाव, धंदा, फोन, सगळं लावूनच येतं." भारदस्त आवाज आता गप्पांत आला होता. "ज्यांच्या कॉम्प्युटरवर फुकटचं अँटीव्हायरस असतं ना, त्यांची फार चांगली मिळते. व्हायरस शोधायला म्हणून ते सगळंच बघतं. सगळं बघतं म्हटल्यावर... बरं, फरशी निळी की हिरवी?"

"निळी," लिंबू हाताखालून ओरडली.

दादूनं फोन ठेवला. "पकडला," तो म्हणाला आणि हवेत उडी मारली. "पकडला की नाही? कुंपणच शेत खात होतं. टिटवे, आपण पकडला चोर!"

टिटवी उडी मारत नव्हती. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि तिनं त्या हिरव्या ढालीवर बोट ठेवून आत जाऊन पाहिलं होतं. आत लांबच लांब मजकूर होता, अटी आणि शर्ती. त्या दिवशी तो तिनं एका झटक्यात खाली ओढला होता आणि 'मान्य' म्हटलं होतं. आता ती तो ओळीनं वाचत होती. मध्येच कुठेतरी, साध्या वाक्यात, लपवाछपवी न करता लिहिलेलं होतं: तुम्ही काय पाहता याची माहिती आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो. खाली एक बरोबरची छोटी खूण होती. ती काढली असती तर माहिती गेली नसती. खूण तिथे आधीपासूनच केलेली होती आणि तिनं काढली नव्हती, कारण ती तिनं पाहिलीच नव्हती.

आणि त्याच्या वरती एक चौकट होती. नाव, धंदा, फोन नंबर. ती सक्तीची नव्हती. टिटवीनं ती हौसेनं भरली होती. धंद्यापुढे 'पियानो लावणे' असं लिहिलं होतं आणि फोनपुढे दुकानाचा नंबर, पाटीवर बघून.

"मी केलं हे," ती म्हणाली.

दादूची उडी अर्धवट राहिली. "पण व्हायरस तर त्यानं खरंच पकडले," तो चाचरत म्हणाला.

"हो. चोर आत येऊ दिला नाही त्यानं. घरातलंच नेऊन बाहेर विकलं. आणि दार मी उघडून दिलं."

दादूला काहीतरी बरं वाटेलसं बोलायचं होतं, पण तसं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं ती खूण काढली. मग सॉफ्टवेअरच काढून टाकलं. 'तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं' असं लिहून आलं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, आधी दिलेली माहिती परत घेता येत नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

मामा संध्याकाळी दुकानात आला. दिवा न लावता पियानोशी बसला आणि ती सगळ्यांत उजवीकडची पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिला. टिटवी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. एका दमात, रडत.

मामा म्हणाला, "काय?"

तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"मोठ्यानं नको गं. खालच्या आवाजात बोल, जाड करून. तुझा आवाज नेमका तिथे चढतो, जिथे माझं ऐकणं संपतं." तो ओशाळं हसला. "सगळ्यांत आधी पाखरं गेली. मग तू."

मग टिटवीनं तिसऱ्यांदा सांगितलं, घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत, प्रत्येक शब्द वेगळा. आपली चूक एकदा सांगणंच जड जातं. ती तिसऱ्या वेळेला स्वतःलाच स्पष्ट ऐकू येते, आणि टिटवीला ती आली.

मामानं तिला जवळ ओढलं. "तू मला विचारलं होतंस. 'मामा, हे फुकट आहे, टाकू का?' आणि मी काय म्हणालो? फुकट ते पौष्टिक. अडाण्यासारखा हसलोही वर."

"पण नंबर मी लिहिला."

"लिहिलास." त्यानं नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल टिटवीला पुढे कितीतरी वर्षं त्याचा आदर वाटत राहिला. "आणि मी काय केलं, ते ऐक. यंदाचे पियानो मी तुझ्या कानांवर लावणार होतो. तुला न सांगता. ती लबाडी माझी. कार्यक्रम झाला की बाईंना सांगणार होतो, आता मला जमत नाही म्हणून. काय बोलायचं ते पाठसुद्धा केलं होतं. बरं जमलं होतं बोलणं."

"काय होतं?"

"आता त्याला काय अर्थ आहे?" मामा म्हणाला आणि त्यानं पियानोचं झाकण लावलं.

सकाळी टिटवीनं हट्टच धरला, आणि सगळे मिळून संगीतशाळेत गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तलावाची गोष्ट ऐकताना त्या हसल्या, आणि हिरव्या ढालीशी आल्यावर त्यांनी आपल्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथेही कोपऱ्यात तीच ढाल होती. त्यांनी दादूला ती काढायला सांगितली. मग खुर्चीतून उठून तिघांचीही पाठ थोपटली.

"मोठ्या माणसांना सुचलं नसतं ते तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या. "परत जायच्या आधी एकदा सगळ्या वर्गांसमोर ये आणि हे असंच सांग, टिटवी. फार हुशार मुलगी आहेस."

टिटवीला ते शब्द टोचले. "मग मामाला पियानो परत द्या ना," ती म्हणाली. "त्या फोनवाल्यानं सांगायलाच नको होतं. ती मामाची गोष्ट होती."

"होती," बाई म्हणाल्या. "मी ती अशी ऐकायला नको होती, हे मला मान्य आहे. मला त्याची लाज वाटते, तिथून काही न बोलता उठून आले त्याचीही. पण बाळ, कळलं ते कळलं. आता न कळल्यासारखं मला वागता येत नाही. कार्यक्रमाला मुलं वाजवणार आहेत." त्या मामाकडे वळल्या, त्याच्या समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "खालचे आणि मधले सूर तुम्ही लावा. वरचे तेवढे तो परगावचा माणूस लावेल."

मामानं मान हलवली. "पियानो असा वाटून लावत नाहीत, बाई. त्याला सगळा लावू दे. हातोड्या, पट्ट्या, लाकूडकाम असेल ते मला पाठवा." आणि मग म्हणाला, "तो माणूस चांगला लावतो. मी ऐकलंय पूर्वी."

बाहेर आल्यावर मामीनं दादूची आणि लिंबूची तोंडभरून स्तुती केली. टिटवीचीही केली. दादू तर चोर कसा पकडला ते रस्त्यात भेटेल त्याला सांगायला तयार होता. टिटवी मामाचा हात धरून गप्प चालत होती. तिच्या मनात सारखं येत होतं की मामाच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तरी आपल्याला कळायला हवं होतं, आणि ते आता कुणालाच कळणार नाही.

घरी जाण्याऐवजी मामा कानाच्या दवाखान्याकडे वळला. जिन्याशी तो क्षणभर थांबला, मग चढला. टिटवीला वर जायचं धैर्य होत नव्हतं, पण हात मामाच्या हातात होता.

ताई टेबलाशी होती. टिटवी पुढे झाली आणि तिनं ताईची माफी मागितली, जिन्यात आरोप केला होता तेवढ्याच मोठ्यानं, बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं. पायांचे अंगठे बघत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. दारात डॉक्टरही येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले. ताईनं टिटवीकडे पाहिलं, थोडंसं. लिंबूनं टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवली आणि वाट पाहिली, तेव्हा ताईनं ड्रॉवर उघडून तिला एक गोळी दिली.

मग ताई मामाकडे वळली. खोली माणसांनी भरलेली होती. तिनं तोंडाआड हात धरला, पुढे झुकली आणि इतरांना कळू नये अशा बेतानं, अगदी हळू विचारलं, "काय त्रास होतोय?"

मामा तिच्या हाताकडे बघत राहिला. त्याला ओठ दिसत नव्हते. "काय म्हणालीस?"

ताईनं पुन्हा विचारलं, आणखी जवळ येऊन, तसंच हळू. टिटवीला सहन होईना. ती मामाच्या ऐवजी सांगायला तोंड उघडणार होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग तिनं ते गिळले आणि दातांवर दात दाबून धरले.

मामानं खोलीकडे एकदा नजर फिरवली. तिथे त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं आणि संगीतशाळेतल्या एका मुलाची आई होती. त्यानं शर्टाची घडी सारखी केली.

"मी पियानो लावतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला वरचे सूर ऐकू येईनासे झालेत."

ताईनं ते लिहून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं. टिटवी त्याच्या शेजारी बसली. मामाचा हात गार पडला होता, आणि तो तिनं आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.